चौथा पट्टा

दुसरा पट्टाही तुटला तेव्हा फळीकाकांनी मशीन बंद केलं, डोक्यावरची टोपी काढून ओंडक्यावर आपटली आणि त्याच ओंडक्यावर मटकन बसले. मंगळवारची सकाळ होती. हातात राहिला होता मंगळवार, बुधवार आणि गुरुवारचा अर्धा दिवस.

फळीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चाळीस वर्षं घरामागच्या शेडमध्ये लोकांना फळ्या कापून दिल्यावर खरं नाव कागदापुरतंच उरलं होतं. मशीन त्यांनी स्वतःच जुळवलेलं. मधे ओंडका जखडायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना रूळ, रुळांवर लोखंडी सांगाडा, आणि त्या सांगाड्यात दोन मोठ्या चाकांवर ताणून बसवलेला करवतीचा पट्टा. दोन बोटं रुंद, एका कडेला दाते. सांगाडा हातानं पुढे ढकलत न्यायचा, की पट्टा ओंडक्यातून आडवा जातो आणि वरची फळी सुटी होते. तसं हे एका माणसाचं काम. पण पलीकडच्या टोकाला, सुटलेली फळी धरायला, कायम बायको उभी असायची.

ती महिनाभर दवाखान्यात होती. मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शुक्रवारी तिला सोडणार होते. प्रश्न एवढाच, की कुठे सोडणार. जिना चढणं तिला आता जमणार नव्हतं. खाली एकच खोली, आणि तिची लाकडी जमीन वाळवीनं पोखरून टाकलेली. लेकीनं फोनवर आडपडदा ठेवला नव्हता.

"बाबा, आई वॉकर धरून चालणार. वॉकरचं चाक अडकलं की ती पडणार, आणि आता पडली की मग काही खरं नाही. गुरुवारी दुपारी मी येऊन खोली बघते. जमीन सपाट असली तर आई तुमच्याकडे. नसली तर मी तिला घेऊन जाते, आणि मग ती माझ्याकडेच राहील."

"काय? जरा मोठ्यानं बोल. लाइन खराब आहे."

लेकीनं सगळं पुन्हा सांगितलं. तिचं घर दिवसभराच्या वाटेवर, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथे बाबांना जागा नाही असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरजही नव्हती.

वखारीत वाळलेल्या फळ्या यायला पंधरा दिवस होते. ओल्या लाकडाची जमीन टाकली तर महिन्यात वाकडी होते, हे काकांना कोणी सांगायला नको. म्हणून त्यांनी शेडच्या कोपऱ्यात आठ वर्षं जपलेला ओंडका बाहेर काढला. चौदा फूट लांब, वाळून दगड झालेला. त्यातून सोळा फळ्या निघायच्या. खोलीला लागत होत्या बारा. चुकायला चार फळ्यांची मुभा होती, आणि पहिल्या दोन पट्ट्यांनी त्यातल्या दोन खाल्ल्या होत्या.

काकांना समजत नव्हतं ते हे, की पट्टा तुटतोच कसा. पट्टा चढवला की ते ताणाची मूठ फिरवत जायचे आणि मधेच अंगठ्याच्या नखानं पट्ट्याला टिचकी मारायचे. ढिला पट्टा थप् करतो. बरोबर ताणला की एक बारीक, स्वच्छ सूर निघतो. तो सूर आला की मूठ तिथेच थांबवायची. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. पण या दोन पट्ट्यांना सूर म्हणून नव्हता. मूठ फिरवली, थप्. अजून फिरवली, थप्. अजून फिरवली, आणि पट्टा ओंडक्यात शिरल्या शिरल्या सांध्यापाशी तुटून झाकणाच्या आत फडफडत पडला.

ते तुटलेले दोन्ही पट्टे घेऊन पट्टेवाल्याच्या दुकानात गेले. पट्टेवाला म्हणजे आडदांड माणूस, आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा. तो पोलादी पट्टीचं भेंडोळं आणायचा, मापानं कापायचा आणि दोन टोकं वितळवून जोडून द्यायचा.

"सांधा कच्चा आहे तुझा," काकांनी तुकडे दुकानाच्या फळीवर टाकले. "दोन्ही मुके निघाले. पोलाद म्हणून काय पत्रा विकतोस?"

पट्टेवाल्यानं तुकडे उचलून खिडकीकडे धरले. "काका, सांधा कच्चा असता तर सांध्यातून सुटला असता. हा सांध्याच्या शेजारी ओढून फाटलाय. तुम्ही याला किती पिळलात?"

"वाजेपर्यंत पिळतो मी. नेहमीसारखा."

"आणि वाजला नाही?"

"मुका आहे म्हटलं ना."

पट्टेवाल्यानं मान खाजवली. "बरं, लाकूड कसलं आहे? ओलं?"

"आठ वर्षं वाळलेलं."

"मग हे दाते नकोतच तुम्हाला. हे बघा, हे पुढे झुकलेत. हावरट दाते. ओल्या लाकडात बरे, लचका तोडत जातात. वाळक्यात यांनी एवढा मोठा घास घेतला की पट्टा खाली बुडी मारतो." त्यानं आतून दुसरं भेंडोळं आणलं. "हे उभे दाते, जवळजवळ बसवलेले. हळू खातात पण नीट चावून खातात. माझ्या सासूसारखे."

"तुझी सासू तर बिनदाताची आहे."

"म्हणून तर घास एवढा वेळ तोंडात असतो." पट्टेवाला हसला. काका हसले नाहीत. "दोन घेऊन जा. आणि काका, मूठ जरा जपून फिरवा."

पट्टा घरी येतो तो तीन वेढ्यांत दुमडलेला. दोरी सोडून झटका दिला की सापासारखा उसळून मोठा होतो. एकेकाळी बायको या झटक्याला दर वेळी दोन पावलं मागे सरायची आणि दर वेळी म्हणायची, "एक दिवस नाक कापून घ्याल." आज काकांनी तो एकट्यानंच उलगडला.

तिसरा पट्टाही मुका निघाला. टिचकी मारली, थप्. मूठ अजून फिरवावी तर हाही तुटेल. त्यांनी मन घट्ट करून मूठ आधीच थांबवली आणि मशीन सुरू केलं. पट्टा तुटला नाही. फळी सुटून आली. त्यांनी तिच्या दोन टोकांना खिळे ठोकले, सुताचा दोरा ताणून बांधला आणि खाली वाकून बघितलं. दोऱ्याखालून उजेड दिसत होता. इथे कमी, तिथे बोटभर, पुन्हा कमी. फळीला लाटा आल्या होत्या.

तरी खात्री करायची म्हणून त्यांनी जुन्या स्टुलाचं चाक काढून फळीवर सोडलं. चाक चढलं, उतरलं आणि खळग्यात जाऊन थांबलं. काका त्या थांबलेल्या चाकाकडे बघत राहिले. वॉकर असाच थांबणार होता, आणि वॉकरवरची बायको थांबणार नव्हती.

चौथी फळीही तशीच आली. आता ओंडक्यात बारा फळ्या उरल्या. लागतही बाराच होत्या.

बुधवारी सकाळी ते पुन्हा दुकानात गेले. या वेळी भांडले नाहीत, हातच जोडले. "तू एकदा चल. तुझ्या डोळ्यांनी बघ. माझी अक्कल चालेनाशी झालीय."

पट्टेवाला दुकानाला कुलूप लावून निघाला. फळीकाका हात जोडतात हे त्यानं आजवर बघितलं नव्हतं.

शेडमध्ये येऊन त्यानं तिसरा पट्टा बोटांनी चाचपला. "हा ढिला चाललाय, म्हणून नागमोडी गेला. दातेही तापून बोथटलेत. हा राहू दे. चौथा चढवा."

काकांनी चौथा पट्टा चढवला. पट्टेवाल्यानं मूठ हातात घेतली. फिरवली, टिचकी मारली. फिरवली, टिचकी मारली. शेडच्या दारात शेजारची कुत्री पाय ताणून झोपली होती. तिसऱ्या टिचकीला तिनं डोळे उघडले. चौथ्याला तिचे दोन्ही कान ताडकन उभे राहिले आणि तिनं मान वळवून पट्ट्याकडे बघितलं.

"हं," पट्टेवाला म्हणाला, "आला सूर. काय गोड वाजतोय."

"कुठे वाजतोय?"

"हा काय." त्यानं पुन्हा टिचकी मारली. कुत्री उठून बसली.

काकांनी ऐकलं ते थप्.

"थट्टा करू नकोस. माझा जीव टांगणीला लागलाय."

"काका, थट्टा कशाला करू? चांगला खणखणीत..." बोलता बोलता पट्टेवाला थांबला. त्यानं खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला, काकांच्या पाठीमागे गेला आणि हलवला. कुत्री त्याच्याकडे बघत होती. काका समोर बघत होते.

"काय करतोयस मागे?" त्यांनी विचारलं.

पट्टेवाल्यानं जुडगा खिशात टाकला. समोर येऊन त्यानं आपला जाड आवाज आणखी जाड केला. "काका, पट्टा मुका नाही. आधीचेही मुके नव्हते."

हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात, फोनच्या लाइन खराब झाल्यात, रेडिओ जुना झालाय, अशी वर्षभराची एकेक गोष्ट काकांच्या डोळ्यांपुढून गेली आणि प्रत्येक गोष्ट उलटी होऊन त्यांच्याकडे बघू लागली. शेवटी आली ती महिन्यापूर्वीची दुपार. मशीन त्या दिवशी बंद होतं. ते इथेच, याच स्टुलावर बसून कानशीनं दाते घासत होते. पाण्याची टाकी इथून वीस पावलांवर. दीड तासानं चहा का आला नाही म्हणून ते बाहेर गेले, तेव्हा ती टाकीला टेकून मातीत पडली होती.

ती लेकीला म्हणाली होती, "माझा श्वासच कोंडला गं. तोंडातून आवाजच फुटला नाही."

आणि त्यांनी महिनाभर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, तिच्यासमोर, सांगितलं होतं, "एक हाक मारायची होती हिनं. मी इथेच तर होतो."

पट्टेवाल्यानं ताणाच्या मुठीवर खडूची खूण केली. "इथवर आणा, पुढे नको. आणि कापताना तो चिरकला तर..." तो अडखळला. कापताना पट्ट्याचा आवाज चढला की सांगाडा हळू ढकलायचा, उतरला की जरा जोर द्यायचा. सगळं कसब त्या ऐकण्यातच असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. "उद्या सकाळी मी येऊन उभा राहतो."

"तुझं दुकान आहे."

"दुकान कुठे पळून जातंय?"

काकांनी मान हलवली आणि तसेच भुशाच्या कपड्यांनी दवाखान्यात गेले.

बायको उशीला टेकून बसली होती. ते खुर्ची ओढून अगदी समोर बसले, तिचे ओठ दिसतील असे.

"किती हाका मारल्यास?"

"कधी?"

"पडलीस तेव्हा."

तिनं चादरीची सुरकुती सरळ केली. "मारल्या एक-दोन."

"दीड तासात एक-दोन?"

"अहो, आता कशाला ते उकरून काढता?"

"सांग."

"मोजल्या नाहीत," ती म्हणाली. "आधी तुम्हाला मारल्या. मग शेजारणीला. ती गावाला गेली होती. मग पुन्हा तुम्हाला. तुमची पाठ दिसत होती मला शेडच्या फटीतून. मग घसा बसला." जरा थांबून तिनं त्यांच्या बाहीवरचा भुसा झटकला. "लेकीला कळलं असतं तर तिनं मला घरी राहू दिलं नसतं. म्हणून म्हटलं आवाज फुटला नाही. तुम्हीही तेच म्हणा."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मागच्या वर्षापासून. मी विचारायची भाजीत मीठ बरोबर आहे का, तुम्ही सांगायचात साडेचार वाजले." ती हसली, आणि हसताना खुबा दुखला म्हणून तोंड वाकडं केलं. "जमीन झाली का?"

"होईल."

"सपाट?"

ते खुर्ची मागे सारून उठले.

गुरुवारी भल्या सकाळी, पट्टेवाला यायच्या आत, काका शेडमध्ये एकटेच उभे होते. पट्टा खडूच्या खुणेपर्यंत ताणलेला. मशीन नुसतंच सुरू केलेलं. त्यांना ऐकू येत होती ती इंजिनाची घरघर, आणि तिच्यावर काहीच नाही. जिथे पट्ट्याचा आवाज असायचा तिथे भोक पडल्यासारखं झालं होतं. अशा मशीननं शेवटच्या बारा फळ्यांना हात घालायचा म्हणजे डोळे बांधून जिना उतरायचा. त्यांनी सांगाड्यावर हात ठेवला. हाताला थरथर लागली. हात काढला, थरथर गेली. मग त्यांनी हातभर लांबीची एक सुकी काठी घेतली, तिचं एक टोक पट्ट्यापासून लांब, सांगाड्याच्या दांडीवर टेकवलं आणि दुसरं टोक दातांत धरलं.

पट्टा त्यांच्या जबड्यातून बोलला.

तो जुना सूर नव्हता. जाडाभरडा होता, कानाऐवजी डोक्याच्या हाडात वाजत होता. पण ओंडक्यात शिरताच तो चढला, काकांनी ढकलणं हळू केलं, आणि तो खाली आला. एवढं त्यांना पुरेसं होतं. लाळ काठीवरून गळत होती, मान अवघडली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पावलागणिक सरकत चौदा फूट गेले. फळी सुटली. दोरा ताणला. दोऱ्याखाली उजेड नव्हता. चाक सोडलं. चाक न अडकता पार टोकाला गेलं आणि खाली पडलं.

पट्टेवाला आला तेव्हा चौथी फळी निघत होती. तो दारातच थबकला. मग पलीकडच्या टोकाला, जिथे बायको उभी राहायची तिथे जाऊन उभा राहिला आणि फळी धरली. अकराव्या फळीला एक गाठ लागली. जबड्यातला सूर एकदम किंचाळला. काका जागच्या जागी थांबले, श्वासही थांबवला, आणि मग केसभर केसभर पुढे गेले. अकरावी सरळ आली. बारावीही.

दुपारी दोघांनी मिळून फळ्या बसवल्या. खोली अकरा फुटांची. पट्टेवाला उरलेला भाग कापायला निघाला, तर काकांनी त्याचा हात धरला.

"कापू नकोस. उंबरठा काढ."

उंबरठा काढला आणि दारासमोरच्या फळ्या अखंड, खोलीतून दाराखालून थेट पडवीत, काकांच्या कामाच्या बाकापर्यंत गेल्या. पट्टेवाल्यानं का म्हणून विचारलं. काका म्हणाले, "लाकडातून येतं."

लेक तीन वाजता आली. तिनं पिशवीतून नवा वॉकर काढला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ढकलून बघितला. मग गुडघ्यावर बसून फळ्यांवरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना काकांना दिसला. एवढ्यावर थांबता आलं असतं. बायकोनंही तेच सांगितलं होतं. आता गप्प बसलं की उद्या ती घरी.

"मला ऐकू येत नाही," काका म्हणाले. "तुझी आई दीड तास हाका मारत होती."

लेक उठून उभी राहिली. तिचे ओठ हलले, पण ती खिडकीकडे वळली होती, म्हणून त्यांना काही समजलं नाही. मग ती वळली. "आणि हे तुम्ही मला आता सांगताय? उद्या मी तिला इथे ठेवून जाऊ? पुन्हा पडली तर?"

"पलंग येईल तिथे उभी राहा. ही काठी घे." जबड्यात धरलेली तीच काठी होती, दातांच्या खुणांसकट. "मी बाकाशी जातो. पाठ करून उभा राहतो. तू ठोक. जेवढ्या वेळा वाटेल तेवढ्या."

काकांनी पडवीत जाऊन पायताण काढलं आणि अनवाणी पाय फळीवर ठेवले. समोर शेडची भिंत. कानात काहीच नाही. बराच वेळ पायातही काही नाही. मग टाचेत मुंगी चावल्यासारखं झालं. एकदा. पुन्हा. मग थांबून आणखी एकदा.

"तीन," ते म्हणाले. "शेवटचा हळू."

लेक दारात आली. डोळे लाल होते, पण ती हट्टानं उभी होती. ती त्यांचीच लेक होती. फळीला दोरा लावल्याशिवाय सोडणारी नव्हती.

"आणि मशीन चालू असेल तेव्हा?"

पट्टेवाल्यानं खाली बघितलं. मशीन चालू असलं की सगळं अंगण थरथरायचं. त्या थरथरीत काठीचा ठोका कुठला कळायला?

काका शेडमध्ये गेले, जाड हातमोजे घातले, खडूच्या खुणेवरची मूठ उलटी फिरवली आणि चौथा पट्टा चाकांवरून उतरवला. एका पायाखाली धरून त्यांनी त्याला पीळ दिला, तसा तो तीन वेढ्यांत दुमडला. दोरीनं बांधून त्यांनी तो खिळ्याला टांगला. अजून कोमट होता.

"रविवारी येत जा," ते लेकीला म्हणाले. "तू आईजवळ बस, मी एखादी फळी कापीन. बाकीचे दिवस हा इथेच."

लेकीनं त्या टांगलेल्या पट्ट्याकडे बघितलं. मग तिनं बाकावरची मापाची टेप उचलली, खोलीत गेली आणि पलंग नेमका कुठे ठेवायचा त्याचं माप घ्यायला लागली.